तरवार, कर आणि श्रद्धा

इस्लामचा प्रसार तरवारीनें झाला कीं उपदेशानें, हा वाद निघाला म्हणजे दोन्ही बाजूंचीं उत्तरें तयारच असतात. वर्गांत शिकवितांना आम्हीही तो एका वाक्यांत सांगून मोकळे झालों आहों. परंतु पुन्हा विचार करितां असें दिसतें कीं, येथें दोन प्रश्न एकांत मिसळले आहेत. राज्य कसें पसरलें हा एक, आणि श्रद्धा कशी पसरली हा दुसरा.

पहिल्याचें उत्तर उघड आहे. ६३२ सालीं पैगंबर निवर्तले. पुढील सुमारें दहा वर्षांत अरबांनीं सीरिया, इराक व मिसर हे देश जिंकले. हें काम तरवारीचेंच. पण जिंकलेल्या प्रजेनें लागलीच धर्म सोडला असें झालें नाहीं. यहुदी, ख्रिस्ती व झरथुष्ट्री रयतेनें जिझिया द्यावा आणि आपापल्या धर्मानें राहावें, असा सामान्य रिवाज होता. इराणांत मुसलमानांची बहुसंख्या होण्यास सुमारें दोन शतकें लागलीं. मिसरांत त्याहूनही अधिक.

कित्येक अधिकाऱ्यांना तर धर्मांतर नकोच होतें; कारण रयत मुसलमान झाली कीं वसूल घटे. ७०० सालच्या सुमारास इराकचा सुभेदार हज्जाज यानें शहरांत आलेल्या नवमुसलमानांना खेड्यांत परत पिटाळलें आणि जुनाच कर चालू ठेविला. ७१७ सालीं खलीफा झालेल्या दुसऱ्या उमरनें ही रीत बंद करूं पाहिली. पैगंबर आले ते लोकांस धर्माकडे बोलावण्यास, कर गोळा करण्यास नव्हे, असा त्याचा अभिप्राय बखरकारांनीं नमूद केला आहे.

म्हणजे मानेवर तरवार नव्हती, हें बहुधा खरें. परंतु जेथें एका धर्मास मान व सवलत आणि दुसऱ्यास कर व कमीपणा, तेथें निवड अगदीं मोकळी होती असेंही म्हणवत नाहीं. मग अशा लोभानें वा भिडेनें स्वीकारलेल्या धर्मास श्रद्धा म्हणावी काय?

सुमात्रा बेटावर अरबी फौज कधींच उतरली नाहीं. तेथें हा धर्म व्यापाऱ्यांच्या गलबतांतून गेला. पासेचा सुलतान मलिक अल्-सालिह याच्या थडग्यावर १२९७ हें साल आहे. पण व्यापाराची सोय हाही लोभच नव्हे काय? केवळ निर्मळ हेतु शोधूं गेल्यास तो येथेंही सांपडेल, अशी खात्री देतां येत नाहीं.

आणखी एक उदाहरण पाहूं. बुखाऱ्याचा मुघीरा नांवाचा झरथुष्ट्री गृहस्थ तेथील अरब सुभेदाराच्या हातून मुसलमान झाला. अंतःकरणाच्या ओढीनें कीं सुभेदाराच्या मर्जीसाठीं, हें त्याचें त्यालाच ठाऊक. ८१० सालीं जन्मलेला त्याचा पणतू म्हणजे इमाम बुखारी. त्यानें जन्मभर परिश्रम करून पैगंबरांच्या वचनांचा जो संग्रह केला, तो सुन्नी मुसलमान कुराणाच्या खालोखाल प्रमाण मानितात. या श्रद्धेला खोटी कोण म्हणेल?

जेत्याच्या कृत्याचा जाब जेत्याला विचारावा. त्यांत भीड धरूं नये. पण पणजोबाच्या हेतूवरून पणतूच्या श्रद्धेचें मोल ठरविणें हा न्याय नव्हे. आपल्यापैकीं कोणाचा धर्म पणजोबांच्या हेतूंची झडती घेऊन सिद्ध झाला आहे?