लेकी बोले, सुने लागे

'ध्वनी' म्हटले की आपल्याला टाळमृदंगच आठवतात. शास्त्रात मात्र या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. शब्दांनी उघड सांगितले नाही, पण ऐकणाराच्या मनात जे उमटले, तो ध्वनी. काश्मीरच्या आनंदवर्धनांनी नवव्या शतकात 'ध्वन्यालोक' ग्रंथात हा विचार मांडला. 'सूर्य मावळला' एवढेच म्हणा. गुराखी गुरे घराकडे वळवतो, कुणाला संध्येची वेळ आठवते, आणि दिंडीतल्या थकलेल्या म्हातारीला वाटते, आला ग बाई मुक्काम!

आपल्या मायबहिणींनी हे शास्त्र वाचले नव्हते, तरी 'लेकी बोले सुने लागे' हे त्यांना पक्के ठाऊक. फक्त घरातल्या त्या बोलण्यात बहुधा विष असते.

नाथमहाराजांनी रीत तीच घेतली, विष तेवढे काढून टाकले. त्यांच्या भारुडातली सून सासरची सगळी माणसे दूर व्हावीत म्हणून भवानीला रोडगा नवसते. सभा पोट धरून हसते. शेवटी ती मागते काय, तर एकटेपण. हे एकटेपण म्हणजे अद्वैत, हे नाथ उलगडून सांगत नाहीत. ज्याला लागायचे त्याला लागते.

आमच्या हातून मात्र एकदा चूक घडली. कीर्तनात विंचवाचे भारूड घेतले होते. क्रोधाचे वर्णन करताना आमची नजर सारखी समोरच्या एका गृहस्थांकडे जाई. सकाळीच त्यांच्याशी देण्याघेण्यावरून बोलाचाली झाली होती. चार जणांनी माना वळवल्या. ते गृहस्थ आरतीला थांबले नाहीत. पुढल्या एकादशीलाही त्यांची जागा मोकळीच.

शब्द नाथांचे, ध्वनी आमचा! आणि गंमत पाहा, त्या भारुडात विंचू चावलेला माणूस स्वतःचीच व्यथा सांगतो, 'तुला चावला' असे दुसऱ्याला म्हणत नाही. इतकी वर्षे म्हणत आलो, पण हे ध्यानात आले नव्हते. त्या सकाळी विंचू डसला होता तो आम्हालाच.

द्वादशीला पारणे न सोडताच त्यांच्या दारी गेलो आणि पायांवर डोके ठेवले. त्यांनीही वाकून आमचे पाय शिवले. झाल्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. आत वळून एवढेच म्हणाले, "अहो, एक पान जास्त मांडा."