जहाजावरची तिसरी प्लेट

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली, की निगडी-प्राधिकरणापासून मोशी-चऱ्होलीपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये क्रूझच्या गोष्टी सुरू होतात. कोणी मुंबईहून गोव्याला जाऊन आलेलं असतं, कोणी सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या जहाजावर. चाकणच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे व्हेंडर आणि टार्गेट गाठलेले डीलर कंपनीच्या खर्चाने जातात. बाकीचे वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून टूर कंपनीबरोबर जातात. या गोष्टींत समुद्र फार थोडा असतो. जेवण मात्र भरपूर असतं.

भोसरी एमआयडीसीत स्वतःचं मशीन शॉप चालवणारे एक परिचित मला त्यांच्या जहाजावरच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगत होते. त्या रात्री लॉबस्टर होता. आपल्या कोकणात त्याला शेवंड म्हणतात. "तिकिटात सगळं धरलेलं होतं. मग मी कशाला सोडतोय? तीन खाल्ले. चौथाही मागवला, तो निम्मा राहिला. पण पैसे वसूल!" आजूबाजूचे सगळे खूश झाले. नंतर ते हळू आवाजात म्हणाले, की रात्रभर झोप लागली नाही, अॅसिडिटीची गोळी घेऊन पहाटेपर्यंत डेकवर फेऱ्या मारत होतो.

हा माणूस खादाड नाही, आणि उधळ्या तर मुळीच नाही. त्यांच्या शॉपमध्ये लेथवर निघणाऱ्या धातूच्या बरीचं वजन होतं आणि ती भंगारवाल्याला मोजून दिली जाते. बारचा तुकडा किती उरला, टूल किती पीस चालला, रिजेक्शन किती आलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. एक लॉट परत आला आणि डेबिट नोट लागली, तर आठवडाभर चेहरा उतरलेला असतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा हा सगळा पट्टा अशाच माणसांनी उभा केला आहे. वाया जाणारा ग्रॅम आणि वाया जाणारा सेकंद शोधून काढणं हीच यांची कमाई. मग जहाजावर पाय ठेवल्याबरोबर हे सगळं गळून का पडतं?

मला वाटतं, तिथे त्यांचा हिशेबच उलटा होतो. पैसे आधीच दिलेले असतात, त्यामुळे जे पोटात गेलं नाही ते नुकसान वाटायला लागतं. खरं तर तिकिटाचे पैसे बुकिंगच्या दिवशीच गेले. एक शेवंड खाल्ली काय किंवा चार खाल्ल्या काय, त्यातला एक रुपयाही परत येत नाही. तिसऱ्या प्लेटला भूक नसते, चवही बोथट झालेली असते. ती प्लेट आपण खातो ती फक्त वसुलीसाठी. आणि वसुली आपली होत असली, तरी त्या प्लेटची किंमत दुसरंच कोणीतरी भरत असतं.

ते कोण, हे पाहायला आधी समुद्राकडे जायला हवं. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर मुख्यतः चिखलाळ तळाशी राहणारी काटेरी शेवंड मिळते. परदेशी चित्रांत दिसतात तशा मोठ्या नांग्या तिला नसतात. तिचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर पानासारखं पातळ आणि पारदर्शक असतं. काही महिने ते प्रवाहाबरोबर वाहत राहतं, आणि त्यातली फारच थोडी पिल्लं तळापर्यंत पोचतात. कोळंबी तळ्यात वाढवून बाजारात आणणं माणसाला जमलं, शेवंडीच्या बाबतीत ते अजून तसं जमलेलं नाही. जगात खाल्ली जाणारी बहुतेक शेवंड आजही समुद्रातूनच ओढून काढलेली असते. म्हणजे ती किती मिळणार, याला एक मर्यादा आहे.

ती मर्यादा ओलांडली की काय होतं, हे आपल्याच किनाऱ्याने पाहिलं आहे. मुंबईच्या पाण्यात चपट्या अंगाची, सँड लॉबस्टर नावाची एक जात होती. ट्रॉलरच्या जाळ्यात ती भरपूर यायची, निर्यातीत भाव मिळायचा, म्हणून अंडी घेतलेल्या माद्यांसकट सगळी उचलली गेली. १९९४ पर्यंत ती इतकी घटली, की धंदा म्हणून तिचं नावच पुसलं गेलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी या ऱ्हासाची नोंद करून ठेवली आहे. पुढे २००३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीच्या शेवंडीसाठी किमान वजन ठरवलं. आपल्याकडच्या चिखलातल्या काटेरी जातीसाठी ते ३०० ग्रॅम आहे. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांबरोबर बसून, अंडी असलेली मादी जाळ्यातून सोडवून जिवंत परत पाण्यात सोडायची, असा उपक्रमही चालवला. ज्याच्या घरात त्या एका मादीचे पैसे सहज दोन दिवस पुरले असते, तो माणूस ती पाण्यात सोडतो. समुद्राच्या बाबतीत यापेक्षा मोठा संयम मला माहीत नाही.

जहाजावरच्या ताटातली शेवंड बहुधा इथली नसते. ती लांबून, गोठवलेल्या शेपटीच्या रूपात येते, आणि कॅरिबियन समुद्र हा तिचा एक मोठा साठा आहे. होंडुरासच्या मिस्किटो किनाऱ्यावर स्थानिक लोक पाठीला टाकी बांधून, दिवसातून पुन्हा पुन्हा खोल बुडी मारून शेवंड काढतात. पुरेसं प्रशिक्षण नाही, धड साधनं नाहीत. फार भराभर वर आलं की रक्तात वायूचे बुडबुडे होतात, आणि कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडू शकतं. अशा कामातल्या ४२ पाणबुड्यांचं प्रकरण आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयासमोर गेलं. होंडुरास सरकारने आपली जबाबदारी मान्य केली आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी निकाल लागला. त्यातले काही पाणबुडे तोवर मरण पावलेले होते. प्रत्येक जहाजावरची प्रत्येक शेवंड अशीच आलेली असते, असं मी म्हणत नाही. ती कुठून आली हे ताटावर लिहिलेलं नसतं, एवढंच म्हणतो. आणि जे कुठून आलं हे माहीत नाही, ते निम्मं टाकून उठताना हात थोडा तरी अडखळायला हवा.

त्या प्राण्याबद्दलही बोललं पाहिजे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एका गटाने २०२१ मध्ये तीनशेहून अधिक संशोधनांचा आढावा घेतला. खेकडे, शेवंडी यांसारख्या जिवांना वेदना जाणवते याचे भक्कम पुरावे आहेत, असं त्यांना आढळलं. त्यानंतर ब्रिटनने प्राणी कल्याणाच्या २०२२ च्या कायद्यात या प्राण्यांचा समावेश केला. स्वित्झर्लंडने तर २०१८ पासूनच जिवंत लॉबस्टर शुद्धीवर असताना उकळत्या पाण्यात टाकायला बंदी घातली आहे. मांसाहार करावा की करू नये, हा प्रश्न मी इथे घेत नाही. देहू-आळंदीच्या या परिसरात तो शतकानुशतकं चर्चेत आहे, आणि ज्याने त्याने तो आपल्या घरात सोडवलेला आहे. पण खाणाऱ्यालाही एवढं पटेल, की एखादा जीव गेला असेल तर तो कोणाच्या तरी भुकेसाठी जावा. तिकीट वसूल करण्यासाठी जीव जाणं मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही.

ताटात उरलेल्या त्या निम्म्या शेवंडीचं पुढे काय होतं? जहाजांच्या कचऱ्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे, जहाज चालू असताना उरलेलं अन्न समुद्रात टाकता येतं. दळून बारीक केलं असेल तर तीन मैलांपलीकडेही चालतं. काही समुद्रांना याहून कडक नियम आहेत, पण एरवी हे कायदेशीर आहे. म्हणजे जी समुद्रातून काढली, गोठवली, हजारो मैल वाहून आणली, लोण्यात शिजवून ताटात मांडली, तिचा लगदा रात्री पुन्हा पाण्यात जातो.

आणि ती ताटात मांडणारा? क्रूझ जहाजांवर गोव्यातली, कोकणातली मुलं कितीतरी आहेत. गोव्यात तर पिढ्यान्‌पिढ्या अनेक घरांतला एक मुलगा बोटीवर असतो. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचं कंत्राट असतं. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगितली आहे, आणि भारतानेही २०१५ मध्ये तो स्वीकारला. उरलेले चौदा तास तो मुलगा कोणाच्या ना कोणाच्या हुकमावर असू शकतो. आपण 'अजून एक आण' म्हणालो, की त्याला नाही म्हणता येत नाही.

यावर माझ्या परिचितांनी एक प्रश्न विचारला, आणि तो सरळ होता. "जहाजावर माल आधीच भरलेला. मी एक प्लेट कमी खाल्ली म्हणून काय फरक पडतो?" याचं उत्तर चाकणच्या माणसाला पुस्तकातून शोधावं लागत नाही. कानबान त्याने रोज पाहिलेलं असतं. लाइनवरचा बिन रिकामा झाला, की कार्ड मागे जातं आणि तेवढाच माल पुन्हा येतो. बिन भरलेला राहिला तर मागणीच जात नाही. जहाजाचं कोठारही असंच चालतं. या फेरीत किती शेपट्या उठल्या, यावरून पुढच्या फेरीची ऑर्डर ठरते. आपण टाकलेली निम्मी शेवंडही हिशेबात 'उठली' अशीच लिहिली जाते. ती प्लेट मागवून आपण पुढच्या जाळ्यासाठी कार्ड पाठवलेलं असतं.

हे सगळं बोलताना मला त्या माणसाचा रागही येत नाही, कारण तो हव्यास कुठून आला हे मला दिसतं. पिंपरी-चिंचवडमधली कितीतरी घरं १९७२ च्या दुष्काळानंतर इथे आली. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरच्या कोरड्या भागातून. ज्यांच्या आईवडिलांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, मदतीची सुकडी खाऊन दिवस काढले, मिलो ज्वारीच्या भाकरी गिळल्या, त्यांना भरलेलं ताट म्हणजे पत वाटते. त्यात आपली पंगतीतली आग्रहाची सवय. कोणी किती जिलब्या उडवल्या याच्या कथा आपण अजून कौतुकाने सांगतो. आग्रहामागे प्रेम होतं, हे खरं. पण वाढणारा समोरच्याचा चेहरा पाहून हात थांबवायचा. बुफेला चेहरा दिसत नाही. तिथे थांबायचं काम आपलंच असतं, आणि त्याची आपल्याला सवय उरलेली नाही.

तरीही त्या दुष्काळाच्या आठवणीतून उलटा धडाही निघू शकतो. ज्या बाईने सुकडीचा कण खाली पडू दिला नाही, तिच्या मुलाने निम्मी शेवंड टाकून उठावं, हे तिला आवडलं असतं का? पोट रिकामं ठेवून देह झिजवावा, असं कुठलाच शहाणा माणूस सांगत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अति खाणं आणि अन्नच तोडून टाकणं, या दोन्ही गोष्टी योगाच्या वाटेत अडथळा म्हणून सांगितल्या आहेत. ज्यांनी हे लिहिलं त्यांची समाधी चाकणपासून तासाभराच्या आत आहे. दर कार्तिकीला आपण तिकडे जातो, रांगेत उभे राहतो.

आपल्याकडे चांगल्या सवयी नाहीत असंही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कॅन्टीन सक्तीचं केलं, आणि या पट्ट्यात कॅन्टीनचं जेवण पिढ्यांच्या अंगवळणी पडलं. आज अनेक कॅन्टीनच्या दारात फळा असतो. काल किती किलो अन्न टाकलं गेलं, त्यात किती माणसं जेवली असती, हे त्यावर रोज लिहितात. तो फळा वाचून कामगार पुढच्या वेळी भात कमी घेतो. दुसऱ्या शिफ्टला आलेला कंत्राटी मुलगा हा फळा वाचून ताट पुसून उठतो, आणि त्याच कंपनीच्या पुरवठादारांच्या सहलीत तो फळा कुठेच नसतो, हे मला फार बोचतं. संयम फक्त स्वस्त जेवणासाठी आणि खालच्या माणसासाठी का असावा?

म्हणून माझं सांगणं दोघांना आहे. डीलर आणि व्हेंडरच्या सहली ठरवणाऱ्या पर्चेस, सेल्स आणि एचआरच्या लोकांनी पुढच्या क्रूझचं बुकिंग करताना बुफेऐवजी मोजून वाढलेलं जेवण मागावं. शेवंड ठेवायचीच असेल तर माणशी एक ठेवावी, आणि ती कुठल्या समुद्रातली आहे हे विचारावं. ग्राहक विचारतो तेव्हा पुरवठादार उत्तर देतो, हे चाकणला सांगायला नको. आणि ज्यांचं तिकीट निघालेलं आहे त्यांनी पहिली शेवंड मनापासून, सावकाश, चव घेऊन खावी. वाढणारा मुलगा पुन्हा आला, की त्याला नावाने हाक मारून म्हणावं, "झालं बाबा, पोटभर झालं," आणि तिथेच उठावं.