संचय कोणासाठीं?

संचय हा गुण कीं दोष, याविषयीं आपल्याकडे दोन मतें पूर्वापार नांदत आलीं आहेत. संसारी मनुष्य काटकसरीला लक्ष्मीचें रूप मानतो. विरक्त पुरुष परिग्रहाला बंधन समजतो. एक म्हणतो, उद्यांसाठीं राखून ठेवा. दुसरा म्हणतो, जवळ आहे तें वांटून टाका. मौज ही कीं, राखणें आणि खर्चणें या परस्परविरुद्ध क्रिया होत, हें दोन्ही पक्ष न तपासतांच गृहीत धरतात. हें गृहीत कितपत खरें आहे, तें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांचें लक्ष पायांखालच्या मातीकडे वेधूं इच्छितों.

पृथ्वीवरील मातीच्या वरच्या एक मीटर थरांत सुमारें दीड हजार अब्ज टन कर्ब सेंद्रिय रूपानें सांठलेला आहे. सबंध वातावरणांत जेवढा कर्ब आहे, त्याच्या दीडपटीहून हा अधिक भरतो. पिकें हवेंतील कर्बवायु पानांनीं घेतात आणि त्यांतील कर्बाचा कांहीं भाग मुळांवाटें जमिनींत उतरवितात. थोडा मुळांच्या शरीररूपानें, थोडा त्यांतून पाझरणाऱ्या शर्करादि द्रव्यांच्या रूपानें. तेथें असंख्य सूक्ष्म जंतूंचें व बुरशींचें सदावर्त अखंड चालू असतें. मिळालेल्या अन्नांतील बराच कर्ब हे जीव श्वासावाटें पुन्हां हवेंत सोडतात, उरलेल्यानें आपले देह बांधतात, आणि मरून जातात. पालापाचोळ्यांतला जो चिवट भाग कुजत नाहीं तोच मातीचा संचय होय, अशी पूर्वीं समजूत होती. अलीकडील संशोधनानें ती बरीच पालटली आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या द्रव्याचा मोठा वांटा या क्षुद्र जीवांच्या मृत देहांचा असतो. तो चिकणमातीच्या कणांना बिलगून राहतो, आणि म्हणून मागून येणाऱ्या जीवांच्या तोंडीं सहजासहजीं लागत नाहीं. अर्थात् जें कोणीं खाल्लें नाहीं तेवढेंच उरतें असें नव्हे. जें खाऊन, पचवून, जगण्यासाठीं वेंचलें गेलें, त्यांतूनही मातीची ठेव बनते. मातीच्या वहींत खर्चाच्या बाजूनेंच जमेकडे वाट जाते.

परंतु येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. ही ठेव कुलपांत राहिली तर पिकाला तिचा पुरता उपयोग नाहीं. सेंद्रिय द्रव्य कुजतें, तेव्हांच त्यांत अडकलेलें नत्र मुळांना मिळतें. उलट एक टन कर्ब मातींत स्थिर करावयाचा, तर त्याबरोबर सुमारें ८० ते १०० किलो नत्रही अडकून पडतें. २०१५ सालीं पॅरिस येथें भरलेल्या हवामान परिषदेच्या वेळीं, जमिनींतील कर्ब दरसाल हजारीं चार या प्रमाणानें वाढवावा, अशी योजना फ्रान्सनें जगापुढें मांडली. हेतु उदात्त आहे. तथापि वातावरणाला संचय हवा आहे आणि यंदाच्या पिकाला व्यय; यांपैकीं कोणाचें ऐकावें, हा निर्णय रसायनशास्त्राचा नसून नीतीचा आहे.

ज्याचें फळ आपण पाहणार नाहीं असें काम करण्यास अर्थ आहे काय? इंग्लंडांतील एक शेत याचें उत्तर देतें. रोथॅमस्टेड येथें जॉन बेनेट लॉज व जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनीं १८४३ पासून शेतीचे प्रयोग मांडले. त्यांतील कांहीं आजही चालू आहेत. तेथल्या हूसफील्ड नांवाच्या शेतांतील एका तुकड्यास १८५२ ते १८७१ अशीं वीस वर्षें दरसाल हेक्टरी सुमारें ३५ टन शेणखत घातलें, आणि पुढें तें कायमचें बंद केलें. लॉज १९०० सालीं वारले, गिल्बर्ट १९०१ सालीं. परंतु कधींच खत न मिळालेल्या तुकड्यापेक्षां या तुकड्यांत, खत बंद होऊन शंभर वर्षें लोटल्यावरही, कर्ब अधिक भरला व जवाचें पीकही अधिक आलें. कोणी म्हणेल, तें खत म्हणजे दुसऱ्या रानांतून आणलेला चाराच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. एका शेताची श्रीमंती दुसऱ्याच्या दारिद्र्यावर उभी असूं शकते, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आतां आपल्या घराकडे वळूं. दख्खनची जमीन काळी, म्हणून ती सेंद्रिय द्रव्यानें संपन्न असावी असें वाटतें. परंतु पुष्कळ ठिकाणीं तिच्यांत सेंद्रिय कर्ब शेंकडा एकाहूनही कमी सांपडतो. चिकणमाती विपुल, म्हणजे कणगी मोठी. आंत धान्य मात्र थोडें. शेतकरी शेणाच्या गोवऱ्या थापून जाळतो, म्हणून त्याला अडाणी ठरविणें सोपें आहे. पण डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीं हिंदुस्थानच्या शेतीवरील आपल्या १८९३ च्या अहवालांत दाखवून दिलें कीं, शेण जळतें तें अज्ञानामुळें नव्हे, तर सरपणाच्या टंचाईमुळें. ज्याच्या चुलींत आज घालावयास कांहीं नाहीं, त्याला पुढच्या शतकासाठीं राखून ठेव असें सांगणें हा उपदेश नव्हे, उपमर्द आहे. आधीं पोटोबा मग विठोबा, ही म्हण कांहीं उगीच पडलेली नाहीं.

मग हें कर्तव्य कोणाचें? आमच्या मतें तें खाणाऱ्या प्रत्येकाचें आहे. शहरांत येणाऱ्या धान्याच्या प्रत्येक पोत्याबरोबर कोठल्या तरी रानाचें सत्त्व येतें, आणि पुष्कळदां तें गटारांत व उकिरड्यावर संपतें. तें परत शेताकडे जावें, धसकटें न जाळतां जमिनींत राहावींत, द्विदल धान्याची फेरपालट व्हावी, यासाठीं जो भुर्दंड पडेल त्याचा वांटा आपण उचलला पाहिजे. आपल्या शास्त्रकारांनीं पितृऋण सांगितलें, त्याचें मर्म हेंच कीं, ज्यांच्यापासून घेतलें त्यांस तें परत देतां येत नाहीं. तें पुढच्यांसच द्यावें लागतें. मातीचेंही ऋण तसेंच आहे. तें फेडण्यासाठीं कृपण होण्याचें कारण नाहीं. जेवढें भोगलें तेवढें पुन्हां तिच्या सदावर्तांत घातलें म्हणजे पुरे.