देवराई आणि प्रभूचा दिवस



आपल्या पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी या तालुक्यांत अनेक गावांत देवराया आहेत. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही. पुष्कळ ठिकाणी तर वाळून पडलेली फांदीही घरी न्यायची नाही, असा वाडवडिलांचा दंडक. भीमाशंकर परिसरातील आहुपे गावच्या महादेव कोळी बांधवांनी अशी देवराई पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ व डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला. इतरत्र नाहीसे झालेले वृक्ष व वेली तेथे टिकून असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

मनात प्रश्न येईल, आपल्या श्रद्धेचा याच्याशी काय संबंध? झाड म्हणजे देव नव्हे. आपण सृष्टीची नव्हे, निर्माणकर्त्याची आराधना करतो. परंतु संत थॉमस अक्विनास शिकवतात की, परमेश्वराचे चांगुलपण कोणत्याही एका प्राण्यात मावत नाही, म्हणून त्याने नानाविध जीव निर्माण केले. एक जात नष्ट झाली की त्या चांगुलपणाचा एक आरसा फुटतो. देवाने मानवाला बागेची मशागत करण्यासाठी व ती राखण्यासाठी ठेवले (उत्पत्ती २:१५). मशागत आपण शिकलो, राखणे विसरलो. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. राखणे आपण आदिवासी बांधवांकडून शिकू शकतो.

लेवीय २५ मध्ये जमिनीलाही शब्बाथ दिला आहे. सातव्या वर्षी पेरणी नाही, छाटणी नाही. देवराई हा जणू भूमीचा शब्बाथ आहे आणि रविवार ही आपल्या आठवड्यातील देवराई आहे. दोन्हींचा अर्थ एकच: सगळेच माझ्या वापरासाठी नाही.

जेथे ही भावना आटली, तेथे देवरायाही तुटल्या. काही गावांत तर मोठे देऊळ बांधायला देवराईतलीच झाडे विकली गेली. देऊळ असो वा चर्च, मोह एकच: देवासाठी इमारत वाढवायची आणि देवाने दिलेले घालवायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्मरण करून दिले की, आदिवासींसाठी भूमी ही विकाऊ वस्तू नसून देवाची व पूर्वजांची देणगी आहे. आपल्या नळाला येणारे पाणीही त्याच सह्याद्रीच्या कुशीतून येते.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने ठरवावे: आपल्या घरात, आपल्या कमाईत, आपल्या वेळेत असा कोणता कोपरा आहे जेथे आपली कुऱ्हाड चालणार नाही? क्वीन्स गार्डनजवळचे आदिवासी संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे.

हे प्रभो, जे तुझे आहे ते राखण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.