उशाशी, पण उशिरा

जॉन हिंटन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने मृत्युपंथाला लागलेल्या १०२ रुग्णांना भेटून त्यांच्या यातनांची नोंद केली आणि १९६३ साली ती प्रसिद्ध केली. सर्वांत जास्त हाल कर्करोगाचे, अशी तेव्हा समजूत होती आणि आजही आहे. हिंटनला दिसलं ते असं की हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होऊन मरणाऱ्यांचा शारीरिक त्रास अधिक असतो आणि लांबतोही. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं हॉस्पिस सुरू केलं. तिथल्या खाटा मात्र मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी होत्या.

यात साँडर्सबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. कर्करोगात एक टप्पा असा येतो की शल्यचिकित्सक हात टेकतो आणि तिथून पुढचा उतार बहुतेक वेळा सरळ असतो. कुणाला कधी दाखल करायचं हे ठरवता येतं. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या काळजीची, सारी घडण या ठरवता येण्यावर झाली. जागतिक आरोग्य संघटनेची १९९० ची व्याख्यासुद्धा ‘ज्यांचा आजार आता उपचारांना दाद देत नाही’ अशा रुग्णांपुरती होती. अमेरिकेत मेडिकेअरने हॉस्पिससाठी सहा महिन्यांची अट घातली: रुग्ण तेवढाच जगेल असं डॉक्टरने लिहून द्यायचं.

हार्ट फेल्युअरचा रुग्ण या दारातून आत येणार कसा? त्याला धाप लागते, पाय सुजतात, रात्री उशा रचून बसावं लागतं. मग अ‍ॅडमिट. शिरेतून लघवीचं औषध दिलं की चार दिवसांत सूज उतरते आणि माणूस चालत घरी जातो. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. दर खेपेला तो आधीपेक्षा थोडा खाली येऊन थांबतो. यातली कोणतीही खेप शेवटची ठरू शकते. कोणती, ते नंतरच कळतं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात सुमारे नऊ हजार गंभीर रुग्णांची मोठी पाहणी झाली. त्या माहितीवर हॉस्पिसचे निकष लावून पाहिले, तेव्हा हृदय, फुप्फुस आणि यकृताच्या जुनाट आजारांत ते निकष कुचकामी ठरले. सहा महिन्यांत जातील असं ज्यांच्याबद्दल वाटलं होतं, त्यांतले निम्म्याहून अधिक त्यापुढेही जगले.

नेमक्या त्याच काळात हृदयरोगशास्त्राला यश मिळत होतं. १९८७ मध्ये एनालाप्रिल या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली: अतिगंभीर रुग्णांत सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. १९९९ पर्यंत स्पायरोनोलॅक्टोन आणि बीटा ब्लॉकर यांचाही फायदा सिद्ध झाला. कारकीर्दीच्या सुरुवातीला ज्यांना हताशपणे जाताना पाहिलं, तसे रुग्ण आता वर्षानुवर्षं ओपीडीत येतायत, हे ज्या डॉक्टरने अनुभवलं, त्याला शेवटाची भाषा शरणागतीची वाटणारच. त्याला मी अहंकार म्हणणार नाही. शिवाय या आजारात उपचार आणि आराम वेगळे काढताच येत नाहीत. लघवीची गोळी बंद केली तर दम वाढतो. ‘उपचार थांबवा, आता आराम द्या’ हे सूत्र इथे मुळातच लागू पडत नव्हतं.

२००१ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की हार्ट फेल्युअरने पहिल्यांदा दाखल झाल्यानंतरचं आयुष्य अनेक प्रचलित कर्करोगांइतकंच तोकडं असतं. पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन लेख आले. मला ते या कथेतलं वळण वाटतात. एडिंबरोच्या लेखात फुप्फुसाच्या कर्करोगाचे २० आणि हार्ट फेल्युअरचे २० रुग्ण होते. कर्करोगवाल्यांना आपल्याला काय झालंय आणि पुढे काय होणार, हे ठाऊक होतं. हृदयवाल्यांना औषधांच्या चिठ्ठ्या पुष्कळ मिळाल्या होत्या, आजाराची नीट माहिती मिळाली नव्हती, आणि मदतीच्या सेवाही त्यांच्या वाट्याला कमी होत्या.

दुसऱ्या लेखासाठी वायव्य इंग्लंडमधल्या डॉक्टरांनाच गटागटाने बोलतं केलं होतं. पॅलिएटिव्ह केअर हवी, यावर सगळ्यांचं एकमत. द्यायची कुणी? फॅमिली डॉक्टरने. त्या विषयातले तज्ज्ञ वाढवायचे का? तिथे मात्र सगळे कचरले. आजाराच्या बेभरवशीपणाइतकीच अडचण त्यांनी स्वतःच्या व्यवसायाची सांगितली: कामाची वाटणी धूसर, आणि विशेषज्ञांमधली चढाओढ. हद्दीचे वाद काय फक्त बांधावरच होतात! नर्सच्या कामाला वाव द्यावा, असंही त्यांनी सुचवलं आणि ते मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. सूज रोज पाहणारी तीच असते, आणि रुग्ण जे डॉक्टरला विचारत नाही ते तिला विचारतो.

म्हणून ‘डॉक्टरांना प्रशिक्षण द्या म्हणजे झालं’ हे मला पटत नाही. माहिती कमी होती हे खरं, पण मोठा अडसर ‘कधी?’ या प्रश्नाचा होता. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या बदलली आणि ही काळजी आजाराच्या सुरुवातीपासून, उपचारांच्या जोडीने द्यायची म्हटलं. भाकीत जमत नाही म्हणून हातपाय गाळून बसण्यावर २००५ मध्ये एडिंबरोच्याच डॉक्टरांनी टीका केली. किती दिवस उरलेत हे बाजूला ठेवून आज काय त्रास होतोय ते विचारा, असा रोख हळूहळू पक्का झाला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १५० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअरची जोड मिळालेल्यांचं सहा महिन्यांनंतरचं जगणं अधिक सुसह्य होतं आणि मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. शरणागतीच्या भीतीला याहून थेट उत्तर नाही.

तरी अवघड बोलणं पुढे ढकलायची सवय सहज जात नाही. छातीत डिफिब्रिलेटर (हृदयाची लय बिघडली की विजेचा झटका देणारं यंत्र) बसवलेल्या १०० मृतांच्या नातेवाइकांना अमेरिकेत २००४ च्या एका अभ्यासात विचारलं होतं. यंत्र बंद करण्याबद्दल २७ जणांशीच चर्चा झाली होती आणि ८ जणांना मरताना शेवटच्या मिनिटांत यंत्राचे झटके बसले होते.

आपल्याकडे मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून आहे, तेही कर्करोगासाठीच. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेलं पॅलिएटिव्ह केअरचं काम पुढे स्वयंसेवकांच्या जाळ्यातून घरोघर गेलं आणि तिथे आजाराच्या नावाची अट राहिली नाही. त्याच राज्यातल्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीतल्या १,२०५ रुग्णांचं सरासरी वय जेमतेम ६१ होतं. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक दगावले. म्हणजे आपला रुग्ण अनेकदा घरातला कर्ता माणूस असतो, आणि डॉक्टर बोलतात ते मुलाशी, आयसीयूच्या बाहेर. मुलगा विचारतो, “पंपिंग किती आहे?” आकडा सांगितला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची किचकट प्रक्रिया सुटसुटीत केली. पण पुढच्या खेपेला व्हेंटिलेटर हवा की नको, हे खुद्द रुग्णाला त्याचा दम शांत असताना, एखाद्या साध्या फॉलो-अपमध्ये विचारायचं काम कुणाचं, हे कार्डिओलॉजिस्ट, फॅमिली डॉक्टर आणि नर्स यांनी आपसात ठरवलेलं नसतं.