वयाचा दाखला

साठी बुद्धी नाठी, असं आपण सहज म्हणून टाकतो. धोंडो केशव कर्वे यांची वर्षं जरा मोजून पाहा. परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेलेल्या या मुलाला वयानं लहान दिसतोस म्हणून परत पाठवलं होतं. चेहऱ्यावरून वय आणि वयावरून कुवत ठरवायची खोड जुनीच! जन्म १८५८चा. महिला विद्यापीठ काढलं १९१६ साली, म्हणजे ५८व्या वर्षी. आज त्या वयात निरोपसमारंभाची शाल खांद्यावर पडते. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं ते १९३६ साली, पंचाहत्तरी उलटल्यावर.

कुणी म्हणेल, कर्वे एखादेच; आमचे गुडघे जिना चढू देत नाहीत. खरं आहे, आणि दुखणाऱ्या गुडघ्याला थोरांची चरित्रं ऐकवणं हा शुद्ध दुष्टपणा आहे. पण कर्व्यांचं भांडवल गुडघे नव्हतंच. लोकांनी पै-पैशाची वर्गणी त्यांच्या हाती दिली ती अनेक वर्षांच्या सचोटीकडे पाहून. ही पत विशीत कुणाकडेच नसते. ती साठायला वर्षंच लागतात. घरातल्या आजोबांना औषध घेतलंत का, एवढंच विचारू नका. एखाद्या कामात त्यांचा सल्लाही विचारा.