खुराड्यापाशी ठेवलेला साक्षीदार

सकाळी खुराड्यापाशी पिसे विखुरलेली दिसली की आमचा पहिला संशय शेजाऱ्याच्या कुत्र्यावर जातो, आणि पुष्कळदा शेजाऱ्यावरही. एका कोंबडीपायी दोन घरांचे येणेजाणे तुटते. एकाच साक्षीदाराच्या शब्दावरून कोणास दोषी ठरवू नये, असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद 19). येथे तर आम्हांपाशी एकही नसतो.

असा साक्षीदार आता मिळतो. समोरून उबदार देह जाताच आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा झाडास बांधतात. अंधारात तो अवरक्त प्रकाशाने पाहतो. 2018 च्या व्याघ्रगणनेत आपल्या देशात 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लाविले होते. वाघ ज्याने टिपला, त्यास मुंगूस जड नाही!

तो गुडघाभर उंचीवर बांधावा व पुढील गवत कापावे. नाहीतर उन्हात तापून हलणाऱ्या पात्यांचीच चित्रे निघतात. त्याचे तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे नसावे. तो दिवसाही चालू ठेवावा, कारण रानमांजर बहुधा रात्री येते, पण मुंगूस दिवसाढवळ्या. तरी हा साक्षीदार समोरचे तेवढेच सांगतो. ज्या रात्रीचे चित्र नाही, त्या रात्रीचा दोष आम्ही कोणाच्या माथी मारू नये.

अपराधी सापडला तरी विष घालू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोन्ही प्राण्यांस अभय आहे, आणि विष कुत्र्यासही पोहोचते. भोक बारीक जाळीने बुजवावे, जाळी वीतभर जमिनीत पुरावी. आणि ज्याच्या कुत्र्यास आम्ही बोल लाविला, त्याच्या घरी ते चित्र आपण होऊन नेऊन दाखवावे.